जयघोषाचं कुलूप

"भक्ताचा आवाज बंद करणारं दार अजून जन्माला यायचंय!" देवस्थानचे ट्रस्टी भालचंद्र उकिडवे गाभाऱ्यात गरजले, आणि दार त्यांच्या पाठीमागे अलगद बंद झालं.

साथीचा जंतू बोलणाऱ्या-गाणाऱ्या तोंडातून उडत असल्यामुळे सरकारने देवळोदेवळी ही श्वास हुंगणारी दारं बसवली होती. आत कुणी आवाज काढला की दार मिटे, आणि सलग तासभर शांतता मिळाल्याखेरीज उघडत नसे. 'दार फोडा' म्हणावं, तर त्यासाठीही बोलावं लागणार.

उकिडवे देवासमोर मुकाट बसले. साखर उतरली की चघळायची गोळी बाहेर कोटाच्या खिशात राहिली होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तास सरत आला, तोच अंगणात त्यांची माणसं जमली. उघड्यावर गायला बंदी नव्हती. ट्रस्टींना धीर यावा म्हणून त्यांनी झांजा घेऊन आरती धरली. उकिडव्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पण शेवटी बाहेर जयघोष झाला, आणि जन्माच्या सवयीने त्यांच्या तोंडून "मोरया!" निघून गेलं.

दार टिकटिकलं. तास पुन्हा पहिल्यापासून.

"काका, माघार नाही!" पुतण्या वामन बाहेरून ओरडला. "तुम्ही सुटेपर्यंत दर अर्ध्या तासाला आरती करू!"

तास तर गेलाच होता. उकिडव्यांनी झरोक्याला तोंड लावलं.

"वामन, बाळा," ते क्षीण आवाजात म्हणाले, "पुढची आरती जरा मनातल्या मनात म्हणता का रे?"