खांदेकरी

"तुमच्यापैकी खांदा कुणाकुणाचा धड आहे?" एफीने तंबूच्या दाराशी वाकून विचारलं.

आत तिघं चहा पीत बसली होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. पक्षी बघायला आणि पांढऱ्या वाळूवर अनवाणी हिंडायला आली होती, आणि वाऱ्यामुळे बोटीच्या फेऱ्या बंद झाल्याने बेटावर अडकली होती. एफीच्या भावाने, फिनलेने, त्यांना आपल्या कुरणातून दोनदा हाकललं होतं. आता म्हातारी इथूनही उठवायला आली, असंच त्यांना वाटलं.

"बोट सुरू झाली की निघतोच आम्ही, बाई," ओवेन नावाचा धिप्पाड मुलगा घाईघाईने म्हणाला.

"फिनले गेला," एफी म्हणाली. "आज त्याला न्यायचंय. माणसं कमी पडताहेत."

बोटच बंद म्हटल्यावर पलीकडच्या किनाऱ्यावरचे भाचे येणार कसे? थांबावं तर उद्या रविवार, आणि रविवारी या बेटावर कुणी फावडंसुद्धा उचलत नाही. वारा तर पडायचं नाव घेत नव्हता. खांदा देण्याजोगे पुरुष उरले होते चार, त्यात टॉर्किलचा गुडघा गेलेला. त्या बिचाऱ्याने आपला ट्रॅक्टर देऊ केला होता. ज्या ट्रॉलीतून मेंढ्या जातात तिच्यातून आपला भाऊ जाणार, या कल्पनेनेच एफीला रडू कोसळलं. फिनलेने बेटावरच्या एकूण एक मेलेल्या माणसाला खांदा दिला होता. त्याची वेळ आली तेव्हा खांदेच संपले होते. म्हणून ती नाक मुठीत धरून तंबूपाशी आली होती.

"मीही येऊ?" मुलीने विचारलं. तिचं नाव ब्रायनी.

"ये. आमच्यात बायका खांदा देत नाहीत. पण फिनले काही उठून बघायला येत नाही."

घरापाशी टॉर्किलने त्या तिघांचे पिवळे-नारिंगी कोट पाहिले. "काय गं एफी, अंत्ययात्रा काढतेस की वरात?"

"तू तुझा गुडघा सांभाळ."

फिनलेची शवपेटी उचलली. तीन म्हातारे एका बाजूला, तीन पोरं दुसऱ्या बाजूला. टॉर्किल मागून लंगडत, कुणी दमलं तर त्याच्या जागी शिरायला. बेटाची रीत अशी, की दमलेला बाहेर पडतो, मोकळा माणूस त्याच्या जागी शिरतो आणि पेटी चालतच राहते. ही गोष्ट पोरांना सांगायची राहून गेली. बेटावर ती कधी कुणाला सांगावी लागली नव्हती, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दफनभूमी किनाऱ्याच्या पलीकडे. वाळूच्या कडेने जाताना वारा आडवा आला आणि ओवेनचा पाय घोट्यापर्यंत रुतला. टॉर्किल "आलो, आलो" म्हणत पुढे सरकत होता, पण वाऱ्यात त्याचा आवाज पोचला नाही.

"थांबा! जरा खाली ठेवा!" ओवेन ओरडला आणि त्याने आपली बाजू खाली घेतली. पेटी कलंडू नये म्हणून म्हाताऱ्यांनाही वाकावं लागलं. फिनलेची पेटी गवताच्या कडेला जमिनीवर टेकली.

टॉर्किलचा संयम सुटला.

"अरे, काय केलंस हे! घरापासून कबरीपर्यंत पेटी टेकवायची नसते! माझ्या बापाच्या वेळेपासून कुणी टेकवली नाही!" तो एफीकडे वळला. "तरी म्हणत होतो, ट्रॅक्टर घे."

"मला माहीत नव्हतं," ओवेन म्हणाला. एवढा दांडगा मुलगा, पण त्याचे डोळे भरले होते.

एफी पेटीकडे बघत उभी राहिली. तिला शरम वाटली. ट्रॅक्टरच बरा होता, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. मग ती वाकली आणि तिने पायाजवळचा एक दगड उचलला.

"ओरडू नकोस त्याच्यावर. पेटी टेकली की तिथे दगड रचायचे, ही पण आपलीच रीत. चला, दगड आणा."

सगळे दगड आणू लागले. पोरं किनाऱ्यावरून मोठमोठे आणत होती. टॉर्किलने कुरकुरत का होईना, दोन आणले. गुडघ्याएवढी रास झाली.

"नाव कुठे लिहायचं?" ब्रायनीने विचारलं.

"नाव नाही लिहीत. ज्यांनी दगड ठेवले त्यांनी लक्षात ठेवायचं, हे दगड कुणासाठी ते. ती माणसं जिवंत आहेत तोवर."

बोलता बोलता एफीने आपल्या माणसांकडे पाहिलं. एक जण दम खात गवतावर बसला होता, दुसरा छाती चोळत होता. साठीच्या अलीकडचं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

"तुझं वय काय गं?" तिने ब्रायनीला विचारलं.

"तेवीस."

एफीने हळूहळू मान डोलावली.

"मग फिनले अजून पुष्कळ वर्षं आहे," ती म्हणाली. "उचला रे आता."