आजोबांची काठी

धाकूच्या पदरात बरंच पडणार होतं: जानकी, आणि ती एकुलती एक म्हणून पुढेमागे तिच्या वडिलांचा मुलुंडचा लाकडाचा कारखाना.

घाटकोपरच्या वखारीत टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर तो फळ्या कापायचा. फळीचं शेवटचं टोक हाताने न सरकवता काठीने ढकलायचा, म्हणून सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणत.

जानकीचे वडील त्याचं काम बघायला येणार होते, त्या सकाळी तो सारखा दारापर्यंत जाऊन येत होता.

“आजोबा, आज तरी काठी लपव,” जोडीदार श्यामसुंदर म्हणाला. “म्हातारा जावई कोण करून घेईल रे?”

धाकूने काठी भुशात खुपसली. पाहुणे आले आणि डावा हात कोटाच्या खिशात घालून समोर उभे राहिले. धाकूने नुसत्या हातांनी फळी पात्यातून पार नेली. काप केसभरही वाकडा गेला नाही. पाहुणे दाराकडे वळले.

“मामा, काय चुकलं?”

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. त्याला तीनच बोटं होती.

“कापलंस झकास. पण मी काठीवाल्या पोराला बघायला आलो होतो.”



धाकूची दहाही बोटं शाबूत राहिली; अंगठी तेवढी एकातही आली नाही.