हवेचा कप्पा

भर पाण्यात कशावर तरी आपटलेली बोट मेकॅनिकच्या भावजींनी काठावर ओढून दोन ओंडक्यांवर चढवली होती. पलीकडच्या पोरांना घरी न्यायला तेवढीच बोट होती आणि शाळा सुटत आली होती.

मेकॅनिकने आधी मागचं इंजिन तपासलं. पंख्याच्या पात्यांवर साधा ओरखडाही नव्हता.

"खडकच होता," भावजी म्हणाले.

"वीस वर्षं याच वाटेने जाताय. खडक आजच उगवला? ताईला सांगतो, यांना चष्मा घेऊन दे."

तो पाठीवर सरपटत बोटीखाली गेला. तळाला, पुढच्या बाजूला वीतभर तडा होता. सवयीने त्याने कडेवरून अंगठा फिरवला. खडक लागला की फायबरचे धागे आत दबतात. हे बाहेर वळले होते.

तड्याच्या वर हवेचा कप्पा होता, बोट बुडू नये म्हणून कारखान्यातच कायमचा बंद केलेला. त्यात काहीतरी सरकलं.

"भावजी, वर चढू नका."

"मी इथेच आहे की." भावजी त्याच्या पायांशी उभे होते.

काठावर पोरांचा गलका ऐकू आला. तशी कप्प्यातली हालचाल थांबली, कुणीतरी कान देऊन ऐकावं तशी.