खोडायचा अधिकार

केरळातल्या पाला गावी भरलेल्या कुटुंबमेळाव्यात कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळी वाढायला घेतली, तरी गर्दी रीबाभोवतीच. घराण्यातली चारशे माणसं तिने संगणकावर मांडली होती; माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. आज ती प्रत्येकाचं खातं उघडून, कुणी नुसतं बघायचं, कुणी भर घालायची, कुणी खोडायचं, ते ठरवून देत होती.

"मला खोडायचा अधिकार दे," चाकोकाका पुढे घुसले. "धाकट्या भावाचं अख्खं खटलंच उडवतो आधी!"

"म्हणूनच काका, तुम्ही नुसतं बघायचं."

हशा पिकला. तेवढ्यात काठी टेकत तिचे आजोबा आले. रीबा उठून उभी राहिली.

"अप्पच्चा, तुम्हाला सगळे अधिकार."

"नको गं मोळे, पोरी. भर घालायचा तेवढा दे."

"आणि खोडायचा?"

"तो वीस वर्षांपूर्वी एकदा वापरलाय मी." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "हे घे. साराम्मा, तुझी आत्या. तिचा नवरा, दोन पोरं. रेघा ओढ पटापट. बाहेर गाडीत बसलीत, आणि मासळी संपत आलीय."