जपानचं मशीन

"कशाला काढलंस ते खाली?" सुजितच्या बापानं, महिपतनं, ओटीवरूनच विचारलं. "दे टाकून भंगारात."

सुजितनं एकावर एक चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडल्या आणि टीव्हीला जोडून खेळायचं ते काळं मशीन फरशीवर ठेवलं. रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गजसुद्धा सालं सोडतात, पण मशीन धड होतं. आईनं बांधून माळ्यावर ठेवलं होतं. आई आता नव्हती.

सुजित मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या कामाला. पहिल्या सफरीवरून येताना त्यानं हे मशीन जपानहून धाकट्या भावासाठी, साहिलसाठी, आणलं होतं. तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी दाबाची, म्हणून विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मरही सोबत वाहून आणला. खेळ एकच होता, गाड्यांच्या शर्यतीचा. आळीतली पोरं दारात रांग लावायची. फॉरेनची वस्तू घरात आली की आपल्याकडे माणूस तसाही जरा तोऱ्यात चालतो. सुजित तर भलताच तोऱ्यात होता.

आणि एका संध्याकाळी तो बाजारातून आला, तर टीव्हीचा पडदा लालभडक आणि त्यावर जपानी अक्षरं. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. आतलं काहीतरी जळालं, असं त्यानं ठरवूनच टाकलं. झाकण उघडून पाहण्याएवढा धीर कुणाला होता?

"कोणी हात लावला?" तो ओरडला होता.

"मी," साहिल म्हणाला. रडला नाही, सबब सांगितली नाही. त्या निगरगट्टपणाचाच सुजितला जास्त राग आला. पण तो पुढे होण्याआधी महिपत उठला आणि त्यानं साहिलच्या कानाखाली वाजवली.

खोटं कशाला सांगा, सुजितला तेव्हा बरं वाटलं होतं. बाप आपल्या बाजूनं उभा राहिला, असं वाटलं. त्या भरात तो बोलून गेला, "ह्याच्या शिक्षणासाठी मी आता जहाजावर मरनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी साहिल पनवेलला मामाकडे निघून गेला. तिथून चाकणला, कंपनीत. आईच्या दिवसकार्याला आला तेवढाच. पाहुण्यासारखा जेवला आणि शेवटच्या एसटीची वाट न बघता गेला.

आता सुजितची रजा संपत आली होती. महिपतची तब्येतही पहिल्यासारखी राहिली नव्हती. जन्मभर रेवदंडा–अलिबाग रिक्षा चालवून गुडघे गेले होते, आणि आताशा दम लागायचा. जहाजावर परत जाण्याआधी साहिल एकदा तरी घरी यावा, बापाच्या डोळ्यांदेखत यावा, एवढंच सुजितच्या मनात होतं. शिवाय या सफरीत एका फिलिपिनो खलाशानं गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, की अशा मशीनना देशाचं कुलूप असतं. जपानचं मशीन जपानचीच डिस्क खातं. तेव्हापासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं.

त्यानं वायरी जोडल्या. पडदा लाल झाला.

त्याची बायको भक्ती मोबाइल घेऊन पुढे आली. हल्लीचे मोबाइल कुठल्याही भाषेतलं मराठीत करून दाखवतात. तिनं तो पडद्यासमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं, "ही डिस्क या मशीनमध्ये चालणार नाही."

सुजितनं झाकण उघडलं. आत क्रिकेटची डिस्क होती, इथल्या बाजारातली. जपानची तिच्या डबीत निवांत पडली होती. त्यानं ती घातली, आणि गाड्या धावायला लागल्या.

सुजितला रडू कोसळलं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं सख्खा भाऊ घराबाहेर घालवला होता.

"बाबा, मशीनला काय झालंच नव्हतं!" तो ओटीवर गेला. "पोरानं नुसती दुसरी डिस्क घातलेली."

महिपतनं आत वळूनही पाहिलं नाही. "बंद कर तो आवाज," तो म्हणाला. "जुनं उकरून काय मिळनार हाय?"

म्हाताऱ्याच्या मनातला राग अजून गेला नाही, असं सुजितला वाटलं. तो आजच काढायचा, असं त्यानं ठरवलं. महिपत काठी घेऊन उठायला लागला, तर त्यानं हात धरून त्याला परत बसवलं, शेजारी बसला आणि स्पीकर चालू ठेवून साहिलला फोन लावला.

"साहिल, मी चुकलो रे. मशीन चांगलं हाय. तू काय बिघडवलं नव्हतंस."

पलीकडे कंपनीतल्या यंत्रांचा आवाज येत होता.

"चालतंय?" साहिलनं विचारलं.

"चालतंय. तुझी शपथ. सगळ्या घराची माफी मागतो तुझ्याकडं. तू ये. बाबापन वाट बघतायत."

महिपतनं मान हलवली. कशासाठी, ते सुजितला कळलं नाही.

"दादा, बाबा हायत का जवळ?"

भाऊ मोकळेपणी बोलावा आणि बापानं ते ऐकावं, म्हणून सुजितनं आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर खोटं सांगितलं. "न्हाय. देवळात गेलेत. बोल तू."

"मग त्यांना कळू देऊ नको, मशीन चांगलं होतं म्हणून. सहन व्हायचं न्हाय त्यांना." साहिलचा आवाज खाली आला. "ती डिस्क अलिबागवरनं त्यांनीच आणलेली, दादा, माझ्यासाठी. घातलीपन त्यांनीच."