ठमीचं ‘नॉट ॲट ऑल’

“वहिनी, पोरगी आभारांना उत्तरं देते, ते ठीक आहे. पण तिचे आभार मानतंय कोण, ते बघा जरा,” नणंद जाता जाता म्हणाली.

ठमीच्या आईनं ते हसण्यावारी नेलं. चार वर्षांची पोर नुसत्या ‘वेलकम’वर न थांबता कधी ‘माय प्लेझर’ म्हणते, कधी ‘डोन्ट मेन्शन इट’, कधी ‘नॉट ॲट ऑल’. त्याचं कौतुक करायचं सोडून खोट काढायची नणंदेला सवयच होती.

पण ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. शेवटी ती बालवाडीत विचारून आली. तिथल्या बाई म्हणाल्या, आम्ही ‘यू आर वेलकम’ एवढंच शिकवतो. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणणारी मुलगी आम्हीही पहिल्यांदाच पाहिली; घरी कुणी जुन्या वळणाचं आहे का?

घरी तसं कुणीच नव्हतं. नवरा जहाजावर नोकरीला. ती स्वतः दिवसभर कानांना हेडफोन लावून लोकांची भाषणं टाइप करत बसलेली. ठमीचं दुपारचं ताट तिच्या खोलीत नेऊन द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. ताट चाटूनपुसून परत यायचं.

तरीही ठमी वाळत चालली होती. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. ते संपलं, वजन आणखी उतरलं. आईची झोप उडाली. आंघोळ घालताना पोरीच्या बरगड्या हाताला लागायच्या.

एका दुपारी तिनं हेडफोन काढून दाराला कान लावला.

“नॉट ॲट ऑल,” आतून ठमी म्हणाली. मग थोडी शांतता. मग खुदकन हसणं.

ती आत घुसली. ठमी एकटीच खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, मांडीत रिकामं ताट. गजांबाहेर दोन घरांमधली अंधारी फट आणि हातभर अंतरावर शेजाऱ्याची खिडकी, पडदा ओढलेली. तिकडे कोण असणार? शेजारी परदेशी गेला होता, म्हाताऱ्या वडिलांनाही सोबत नेतोय म्हणाला होता. घराकडे लक्ष ठेवा, असं तोच सांगून गेला होता.

“कुणाशी बोलत होतीस गं?”

“दोस्ताशी. तो हळू बोलतो. त्याला खूप भूक लागते.”

आईच्या जिवात जीव आला. असे खोटेखोटे दोस्त बऱ्याच मुलांना असतात, हे तिनं वाचलं होतं. एकटं मूल आपला खेळगडी आपणच बनवतं. नवऱ्यानं फोनवर तेच सांगितलं, वर तिला जरा वेळ दे असंही म्हणाला. ते तिला लागलं. मनात आलं, पोर उपाशी आणि मी भाषणं टाइप करतेय.

तिनं काम निम्म्यावर आणलं. ठमी कट्ट्यावर चढते म्हणून खिडकी लावून घेतली, वरची कडी घातली आणि पुढे कपाट सरकवलं. ठमीनं हातपाय आपटले, रडून रडून घसा बसवला. आईनं मन घट्ट केलं. मग ती रोज पोरीला स्वयंपाकघरात मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं भरवू लागली.

ठमीचे गाल भरले. डॉक्टरांनी वजन पाहून मान डोलावली आणि गमतीनं तिला ‘थँक यू’ म्हटलं, तर ती नुसती बघत राहिली. आईला हायसं वाटलं. तिनं नणंदेला फोन करून सांगितलं, काही नव्हतं हो, उगाच जिवाला घोर.

त्या दुपारी ठमीनं घास गालातच धरून ठेवला.

“आणि दोस्ताला कोण भरवतं?”

“अगं, तो कधीच गेला असेल दुसरीकडे खेळायला,” आई तिचं तोंड पुसत म्हणाली.

“कसा जाईल? त्याच्या मुलानं बाहेरून कुलूप लावलंय.”

तुमच्या शेजारचं घर बंद असेल, तर हे पान मिटा. आधी जाऊन ते दार वाजवा, आणि कान लावून थोडं थांबा.