निलेशच्या हातचा शाफ्ट

पांढऱ्या भुकटीवर लाल रेघ उमटू लागली तेव्हा निलेशला आधी वाटलं, मनालीमॅडमनी रंग नीट पुसला नाही.

त्याने अंगठ्याने ती पुसून टाकली. मनालीने पुन्हा पांढरा फवारा मारला. रेघ त्याच जागी परत आली. केसाएवढी बारीक, पण शाफ्टच्या निम्म्या घेराला वळसा घालून गेलेली.

"लाल रंग चिरेत शिरून बसतो, निलेशभाऊ. वरून कितीही पुसा, भुकटी त्याला बाहेर ओढते," ती हळू आवाजात म्हणाली.

मिरजोळे एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात मच्छीमार बोटींच्या पंख्याचे स्टेनलेस स्टीलचे शाफ्ट भट्टीत घालून कडक केले जात. लांब दांडे तापले की नरम पडत, भट्टीत आडवे ठेवलेले असल्यामुळे आपल्याच वजनाने झोल खात आणि तसेच वाकडे निवत. मग ते सरळ करायला निलेशच्या प्रेसवर येत. कुठे दाबायचं आणि किती, हे त्याच्या तळहाताला कळायचं. त्याच्या हाताखालून गेलेला शाफ्ट फिरवून बघितला तर बाक मोजणाऱ्या डायलचा काटा जागचा हलत नसे. बंदरावर लोक त्याचं नाव घेऊन शाफ्ट मागत.

मनाली पावसाळ्यानंतर इंजिनिअर म्हणून कामावर रुजू झाली आणि शाफ्ट उभे टांगून तापवा म्हणू लागली. सावकाश तापवा, चहूबाजूंनी सारखी हवा लागेल असे निववा, म्हणजे मुळात वाकणारच नाहीत. आज तशी पहिली खेप निघाली. सगळे जवळजवळ सरळ.

"मग माझे काय वाकडे असतात?" निलेश तडकला होता. गेल्या महिन्यात प्रेसवर सरळ केलेला, कोपऱ्यात उरलेला एक शाफ्ट त्याने स्वतःच आणून तिच्यापुढे ठेवला होता. "लावा तुमचा रंग."

आता त्या शाफ्टकडे त्याला बघवेना.

"कडक झालेलं पोलाद गार असताना दाबलं, की दिसतं सरळ, पण एखादा असा चिरतो," मनाली म्हणाली. "याच्या सोबतचे कुठे गेले?"

"एक माझ्या भावाच्या बोटीला. मीच बसवून दिला. भिकूदादा काल पहाटे दर्यात गेलाय."

मनालीने फोन उचलला. "तुम्ही बंदरावर जा. बाकीच्यांना मी कळवते."

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तो कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भिकूचा फोन लागत नव्हता. वायरलेसवरचा माणूस पुन्हापुन्हा बोटीचं नाव पुकारत होता आणि पलीकडून नुसती खरखर येत होती. मासळीची वाट बघत बसलेल्या वहिनीने त्याला पाहिलं.

"भावजी, आज कामाला सुट्टी काय?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही.

ऊन उतरताना दोन बोटी आल्या. पुढची मागचीला दोरखंडाने ओढत होती आणि मागची शेपटाकडच्या बाजूने पाण्यात खचली होती. निलेश त्या बोटीवरची डोकी मोजू लागला. मोजताना चुकला, पुन्हा मोजली. सगळी होती. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, भिकू उभा होता, अंगात गंजी, खांद्यावर ओलं जाळं.

"शाफ्ट तुटला रे, निल्या!" भिकू लांबूनच ओरडला. "पंखा तळाला गेला नि शाफ्टच्या भोकातून पाणी आत! गोधड्या कोंबल्या, रात्रभर बादल्यांनी उपसलं. बॅटरी बुडाली, वायरलेस पण गेला. ह्यांनी बघितलं म्हणून, नायतर..." त्याने पुढच्या बोटीकडे हात केला. मागे बसलेल्या खलाशांपैकी एकजण अजून रिकाम्या बादलीची कडी घट्ट धरून बसला होता.

"दादा, तो शाफ्ट मी..." निलेश सांगू लागला.

"तुझा काय दोष? स्टीलच खराब आलं असेल." भिकूने बोटीची दोरी त्याच्याकडे फेकली. "धर, बांध. आणि नवा शाफ्ट तूच तुझ्या हाताने सरळ करून दे, काय? दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाय."

निलेशने दोरी झेलली. ती तशीच हातात धरून तो उभा राहिला. बांधायचा खुंटा पायाशीच होता, पण त्याला वाकता येईना. ओहोटीचं पाणी बोटीला हळूहळू धक्क्यापासून लांब नेऊ लागलं आणि त्याच्या मुठीतून दोरी सरकत राहिली.